लुप्त वैमानिक विजय तांबे : मरणाच्या प्रमाणांचा विचार

शिरूर ऊर्फ घोडनदी येथें इंग्रजांच्या जुन्या दफनभूमींत कर्नल वॉलेस याचें थडगें आहे. हा इ. स. १८०९ मध्यें वारला. पुढें भोंवतालच्या गांवांत 'सत्पुरुष' अशी त्याची ख्याति झाली, व सुगीचें धान्य त्याच्या थडग्यापुढें नैवेद्य म्हणून ठेवण्याची चाल पडली. ही हकीकत मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत नमूद आहे. लोकांनीं त्याच्याविषयीं कांहींही मानलें, तरी त्याच्या मरणाविषयीं शंका नाहीं. परंतु ज्याचें थडगें नाहीं, दहन नाहीं, व ज्याचें विमान शत्रूच्या मुलखांत पडलें, अशा योद्ध्याची नोंद इतिहासानें कशी करावी ?

फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे भारतीय वायुसेनेच्या बत्तिसाव्या स्क्वाड्रनचे वैमानिक. डिसेंबर १९७१ च्या युद्धारंभीं शोरकोट रोड येथील पाकिस्तानी विमानतळावरील हल्ल्यांत त्यांचें सुखोई-७ विमान पाडलें गेलें. विमान एकासनी, त्यामुळें अखेरच्या क्षणाचा निकटचा साक्षी नाहीं. अवशेष परराज्यांत पडल्यानें ते तपासण्याची सोय स्वपक्षास राहिली नाहीं.

प्रत्यक्ष प्रमाण खुंटलें म्हणजे शब्दप्रमाणाकडे वळावें लागतें. 'पाकिस्तान ऑब्झर्व्हर' या पत्राच्या रविवार, ता. ५ डिसेंबर १९७१ च्या अंकांत पांच हिंदी वैमानिक कैद झाल्याचें वृत्त आलें, व त्यांत 'टॉम्बे' असें एक नांव होतें. मोडी कागद वाचणाऱ्यांस नांवांचे असे अपभ्रंश परिचित आहेत, म्हणून हे तांबेच असें मानण्यास प्रत्यवाय दिसत नाहीं. आतां हें नांव वार्ताहरास कोठून मिळालें ? विमानांतील लेखी कागदावरून उतरलें असतें तर अक्षरें बहुधा शुद्ध आलीं असतीं. अशुद्ध रूप हें कानांनीं ऐकल्याची, म्हणजे कदाचित् स्वतः वैमानिकानें सांगितल्याची, खूण ठरूं शकतें. तथापि हें अनुमान होय. छापखान्यांतील जुळाऱ्याची चूकही तसेंच रूप देऊं शकते.

तुलनेसाठीं दुसरें उदाहरण घ्यावें. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर यांचें विमानही त्याच महिन्यांत पडलें. ते कैद झाले. ऑगस्ट १९७२ मध्यें रावळपिंडीच्या छावणींतून दोघां सोबत्यांसह निसटले, लंडी कोतलजवळ पुनः धरले गेले, व डिसेंबर १९७२ मध्यें स्वदेशीं परतले. त्यांच्या बाबतींत माणूसच प्रमाण झाला. तांबे यांचें नांव मात्र १९७१ च्या चोपन्न बेपत्ता सैनिकांच्या यादींत राहिलें. असा कोणीही कैदी आपल्याकडे नाहीं असें पाकिस्ताननें वेळोवेळीं सांगितलें. १९८३ व २००७ सालीं आप्तजन तेथील तुरुंग पाहून रिक्तहस्तें परतले.

आपल्या इतिहासांत याचें पूर्वोदाहरण पानिपतचें आहे. भाऊसाहेबांचें मस्तकहीन प्रेत ओळखून दहन केल्याचें काशिराजाच्या वृत्तांतांत आहे. तरीही पार्वतीबाईंनीं १७८३ मध्यें देह ठेवीपर्यंत सौभाग्यचिन्हें टाकलीं नाहींत. तोतयाचें बंड माजलें तें याच संशयाच्या भूमीवर. तांबे यांच्या पत्नी दमयंतीबाई या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. त्यांनींही पुनर्विवाह न करितां शोध चालू ठेविला.

अशा प्रसंगीं निबंधग्रंथ बारा वर्षें वाट पाहून पर्णशर जाळण्यास सांगतात. परंतु मनुष्य परत आल्यास त्याचे जातकर्मादि संस्कार पुनः करावे, असेंही तेथें आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें ही मुदत सात वर्षांवर आणिली, व त्याच्या जागीं आलेल्या २०२३ च्या कायद्यांतही ती कायम आहे. दोन्ही नियम वारसा व व्यवहार यांसाठीं आहेत. त्यांवरून मरणाची तिथि सिद्ध होत नाहीं.

म्हणून बखरकाराप्रमाणें एका वाक्यांत 'पडले' असें लिहून मोकळें होऊं नये. विमान पडलें, हें निश्चित. कैद्यांत नांव छापलें गेलें, हें लेखसिद्ध. मृत्यु मात्र असिद्ध. हीं तीन विधानें पृथक् ठेवावीं, व त्या दिवसांचीं वर्तमानपत्रें, पत्रें आणि रेडिओवरील बातम्यांचीं टिपणें ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं तीं रद्दींत घालूं नयेत. 'टॉम्बे' हें नांव एका जुन्या अंकांत राहिलें म्हणूनच हा प्रश्न आज विचारतां येतो.