४४६ बाइटांची जागा

विंडोजच्या शेजारी उबंटू आणि फेडोरा या लिनक्स प्रणाली बसवायला घेतल्या, की संगणक विचारतो: लेगसी की यूईएफआय? उत्तर या दोघांच्या कुळात सापडते.

लेगसी म्हणजे जुना बायोस. गॅरी किल्डॉल यांनी सत्तरच्या दशकात आपल्या सीपी/एम प्रणालीतल्या, यंत्राशी थेट बोलणाऱ्या भागाला हे नाव दिले. १९८१ साली आयबीएम पीसी आला आणि बायोस रॉम चिपमध्ये वस्तीला गेला. १९८३ मध्ये पीसी एक्सटीबरोबर १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली. तिचे भाग पाडता यावेत म्हणून डॉस २.० ने डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत ‘मास्टर बूट रेकॉर्ड’ मांडला: सुरुवातीच्या कोडला ४४६ बाइट, चार पार्टिशनांच्या नोंदींना ६४, ओळखखुणेला २. बायोसला फाइल, फोल्डर काही कळत नाही. तो हा तुकडा मेमरीत उचलतो आणि कारभार त्याच्या हाती देतो.

डिस्कवर एकच प्रणाली असेपर्यंत यावर भागले. दुसरी आली की त्याच ४४६ बाइटांवर दोघींचा हक्क. लिनक्सनंतर विंडोज बसवले की लिनक्स सुरू करणारा बूटलोडर पुसला जाई. लिलो आणि ग्रब हे बूटलोडर लिहिणाऱ्यांनी त्या चिमुकल्या जागेत फक्त पुढची वाट दाखवणारा कोड ठेवला आणि बाकीचा पसारा डिस्कवर इतरत्र नेला. ही करामत खरोखर थोर होती, पण जागा एकच राहिली.

नव्वदच्या दशकात इटॅनियम प्रोसेसरच्या मोठ्या यंत्रांना बायोसची १६ बिटांची चौकट अपुरी पडली, म्हणून इंटेलने ईएफआय रचले. २००५ मध्ये अनेक कंपन्यांच्या यूईएफआय फोरमकडे ते गेले. या फर्मवेअरला फॅट पार्टिशनमधल्या फाइली वाचता येतात. त्यामुळे ईएफआय पार्टिशनमध्ये, वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखे, प्रत्येक प्रणालीला आपले फोल्डर मिळते. कोणाला आधी उठवायचे ती यादी मदरबोर्डच्या मेमरीत राहते. सोबतच्या जीपीटी या पार्टिशन-तक्त्यात सहसा १२८ पार्टिशने मावतात, त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते आणि जुन्या तक्त्याची सुमारे २ टेराबाइटची मर्यादाही उरत नाही.

म्हणून यूईएफआय नीट चालत असेल, तर तेच निवडावे आणि सगळ्या प्रणालींना तेच द्यावे. लेगसीत सुरू झालेल्या ग्रबला यूईएफआयमध्ये बसवलेले विंडोज सुरू करता येत नाही. पेनड्राइव्ह बूट मेनूत दोनदा दिसला, तर यूईएफआय लिहिलेली नोंद घ्यावी, कारण इन्स्टॉलर ज्या पद्धतीने सुरू होतो, सहसा त्याच पद्धतीने प्रणाली बसवतो. सही असलेलाच कोड सुरू होऊ देणाऱ्या सिक्युअर बूटमुळेही मागे फिरायचे कारण नाही. उबंटू आणि फेडोरा सही असलेल्या शिम या छोट्या प्रोग्रॅमद्वारे ते ओलांडतात.

यूईएफआय नसलेल्या जुन्या यंत्रावर मात्र सगळ्यांना लेगसीच द्यावे. ग्रब तिथे आजही चोख काम करतो. बायोसच्या काळात अनेक प्रणालींचे एकत्र नांदणे बूटलोडर लिहिणाऱ्यांच्या कौशल्यावर उभे होते. यूईएफआयने ते फर्मवेअरच्या रचनेतच आणले.