काम काय करता, बाई?

आमचं बदनापूर निजामाच्या राज्यात होतं. सरकारी दप्तर उर्दूत, साल फसली, रयतेचं बोलणं मराठीत. वय विचारलं की जुनी माणसं सांगत, 'रझाकारांच्या वेळी रांगत होतो.' म्हणजे १९४७-४८ धरायचं. ते जमतं. खरी अडचण 'काम' या साध्या शब्दाची! स्वतःच्या शेतात दिवसभर कापूस वेचणारी बाई म्हणते, 'काम कुठलं? घरीच असते.' कारण 'कामाला जाणं' म्हणजे दुसऱ्याच्या रानात रोजानं जाणं. इंग्रजी 'वर्क'चं नुसतं 'काम' केलं, की ही बाई कागदावरून गायब. १९९१च्या जनगणनेत अखेर प्रश्नातच शब्द वाढवले : शेतातलं वा घरच्या धंद्यातलं बिनमोबदल्याचं कामही धरा. मी मात्र पाहणीत सरळ विचारतो, 'आज उजाडल्यापासून काय काय केलं?' मग रकाना पुरत नाही.