कलपाची कढई

नरकचतुर्दशीच्या पहाटे बंब पेटला, की बेळगावच्या आमच्या जुन्या घरात दोन भाषांतले न्हाणे सुरू होई. आजी शिकेकाई म्हणे, शेजारच्या अक्का सीगेकायी म्हणत. आमचा आवळा त्यांची नेल्लीकायी, आमचा माका त्यांचा गरग, आमची मेंदी त्यांची गोरंटी. नावे दोन-दोन, पण कढई मात्र दोन्ही घरांत मिळून एकच होती. लोखंडाची, काळीकुळकुळीत. दिवाळीच्या आधी आठवडाभर ती एकदा आमच्या चुलीजवळ तर एकदा अक्कांच्या परसात असे. तीत चहाच्या पाण्यात मेंदी आणि आवळकाठीची पूड रात्रभर भिजे. "लोखंडाचीच कढई का?" असे विचारले की अक्का म्हणत, "रंग चढतो म्हणून." ह्यापलीकडे उत्तर नव्हते.

पुढे कितीतरी वर्षांनी ह्या प्रश्नाचे उत्तर सापडले ते सहाव्या शतकातल्या एका ग्रंथात. उज्जयिनीचा वराहमिहिर आपल्याला ज्योतिषी म्हणून ठाऊक आहे. पण त्याच्या 'बृहत्संहिते'त सुगंधी द्रव्यांवरचे एक प्रकरण आहे, आणि त्याची सुरुवातच केस काळे करण्याच्या कृतीने होते. डोके पांढरे झालेल्या माणसाला माळा, अत्तर, वस्त्रे, दागिने काही शोभत नाही, तेव्हा केसांच्या रंगाकडे लक्ष द्यावे, असे तो आधी सांगतो. मग कृती येते. कोद्रूचे दाणे लोखंडाच्या भांड्यात, लोहचूर्णासह, आंबवलेल्या द्रवात शिजवायचे. बारीक वाटून डोक्याला लावायचे आणि वर ओली पाने गुंडाळून बसायचे. दोन प्रहरांनी तो लेप काढून आवळ्याचा लेप द्यायचा, पुन्हा पाने, पुन्हा दोन प्रहर. मग धुतले की केस काळे.

ह्यातले मर्म आंबट आणि लोखंड ह्यांच्या जोडीत आहे. आंबट द्रवात लोखंडाचा अंश उतरतो, आवळ्यात तुरट द्रव्ये असतात, आणि दोघांची गाठ पडली की काळपट संयुग तयार होते. युरोपात शेकडो वर्षे ज्या शाईने दस्तऐवज लिहिले गेले, ती ओकच्या गाठी आणि हिराकस ह्यांपासून याच तत्त्वावर होत असे. म्हणजे अक्का चहाच्या पाण्यात मेंदी भिजवीत तेव्हा त्या एका अर्थी केसांची शाईच करीत होत्या!

वराहमिहिर एवढ्यावर थांबत नाही, हे मला विशेष वाटते. केस काळे झाल्यावर डोक्याला राहणारा लोखंडाचा आणि आंबवणाचा वास सुगंधी न्हाण्याने आणि तेलांनी घालवावा, असे तो पुढे सांगतो. रंगवणे हे अर्धे काम, रंगवलेल्या केसांची निगा हे उरलेले अर्धे. हे त्याने तेव्हाच ओळखले होते.

काळा रंग मिळवायची आणखी एक देशी रीत म्हणजे आधी मेंदी आणि मग नीळ. मेंदीतले रंगद्रव्य केसातल्या केराटिन नावाच्या प्रथिनाला घट्ट धरून बसते. त्यावर निळीच्या पानांची पूड लावली, की तांबडा आणि निळा मिळून काळ्याच्या जवळ जातात.

युरोपातली ओढ पुष्कळदा उलट्या दिशेची होती. व्हेनिसमधल्या स्त्रिया केस सोनेरी करण्यासाठी निरनिराळी द्रावणे लावून गच्चीवर उन्हात बसत. डोक्यावर टोपी, पण तिला माथा नाही, नुसता काठ. म्हणजे चेहऱ्यावर सावली आणि केसांवर ऊन. चेझारे वेचेल्लिओच्या १५९० च्या पोशाखांवरील ग्रंथात त्यांचे चित्र आहे. ऊन्हाची ही मेहनत पुढे वाचवली ती हायड्रोजन पेरॉक्साइडने. लुई थेनार ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते १८१८ मध्ये तयार केले.

रंगांचे मोठे वळण १८५६ चे. अठरा वर्षांचा विल्यम पर्किन लंडनमध्ये मलेरियावरचे क्विनीन बनवू पाहत होता. हाती आला जांभळा रंग. कोळशाच्या डांबरातून रंग काढण्याचा धंदा त्यातून उभा राहिला. त्याचे गुरू हॉफमन ह्यांनी अभ्यासलेल्या द्रव्यांच्या कुळातलेच पॅरा-फेनिलीन-डायअमीन, म्हणजे आजच्या बहुतेक काळ्या कलपांचा प्राण. हे द्रव्य स्वतः रंगहीन; केसात शिरून पेरॉक्साइडशी संयोग झाला की आत रंग तयार होतो, म्हणून तो धुऊन सहजी जात नाही. १९०७ मध्ये पॅरिसच्या युजेन श्युलर ह्यांनी अशा रासायनिक कलपाची कृती बसवली आणि १९०९ मध्ये कंपनी काढली. तीच आजची लॉरिआल. पहिल्या नावाचा अर्थ होता 'केसांच्या निरुपद्रवी रंगांची फ्रेंच कंपनी'. निरुपद्रवी हा शब्द नावातच घालावा लागला, ह्यावरून गिऱ्हाइकांच्या मनातली धास्ती कळते.

धास्ती पोकळ नव्हती. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत लॅश ल्युअर नावाच्या पापण्यांच्या रंगाने स्त्रियांच्या डोळ्यांना भयंकर इजा झाली. त्यानंतर १९३८ मध्ये तिथे कडक कायदा आला. पण केसांच्या डांबरी रंगांना त्यात सवलत मिळाली, आधी त्वचेवर चाचणी घ्यावी अशी सूचना छापण्याच्या अटीवर. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधने १९६२ च्या दुरुस्तीने औषध कायद्याखाली आली. कलपाच्या पाकिटावर चाचणीची आणि भुवया-पापण्यांना न लावण्याची सूचना इंग्रजीत व स्थानिक भाषांत असावी, असा नियम झाला.

'स्थानिक भाषांत' हे दोन शब्द वाचताना मला आमचे काका आठवतात. घरातल्या एका लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी पाण्यात कालवायची पूड आणून कलप लावला. सकाळी डोळे उघडेनात. पापण्या सुजून एकमेकींना चिकटल्या होत्या, कानामागून पाणी गळत होते. अक्षता पडल्या तेव्हा काका आतल्या खोलीत ओले फडके डोळ्यांवर ठेवून पडले होते. "पूर्वी चार वेळा लावला, काही झालं नाही रे," एवढेच ते म्हणत. आणि नेमके तिथेच चुकत होते. ही बाधा पहिल्याच खेपेला होते असे नाही. अंगाला त्या द्रव्याची ओळख पटली, की पाचव्या खेपेलाही उसळते आणि मग जन्मभर राहते. पाकिटातला कागद मी नंतर उलगडला. बारीक इंग्रजी छपाई. काका मराठी वाचत, कानडीही वाचत. तो कागद त्या दोन्हींत नव्हता.

म्हणून लिहितो. दर खेपेला, ओळखीचा कलप असला तरी, कानामागे थेंबभर लावून पाकिटात सांगितलेला वेळ, बहुधा ४८ तास, थांबावे. 'काळी मेंदी' म्हणून मिळते तीत पुष्कळदा हेच द्रव्य मिसळलेले असते. खरी मेंदी काळी नसते.

निगेचे म्हणाल, तर अमोनियाने केसावरचे खवले उघडतात आणि पेरॉक्साइड आतल्या रंगाबरोबर थोडे केराटिनही खाते. ब्लीच केलेला केस म्हणून पाणी पितो आणि ओला असताना चटकन तुटतो. त्याला कढत पाणी, सोडा, कपड्याचा साबण वर्ज्य. पंचाने खसखसा पुसू नये, गुंडाळून टिपावे; फणी विरळ दातांची घ्यावी. न्हाण्याआधी खोबरेल लावण्याच्या आजीच्या रिवाजाला आता प्रयोगाचाही आधार आहे. आरती रेळे आणि मोहिले ह्यांच्या २००३ च्या अभ्यासात धड आणि इजा झालेल्या, दोन्ही केसांतून प्रथिन झिजणे खोबरेलाने कमी झाले. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाने नाही. आणि एक, ज्यांच्या केसांवर लोखंडी कढईतली मेंदी आहे त्यांनी ब्लीच आधी चार केसांवर करून पाहावे. धातूचा अंश आणि पेरॉक्साइड ह्यांचे पटत नाही, केस तापून जळू शकतात.

आजी गेली, अक्का गेल्या. कढई माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी अक्कांची नात ती मागायला आली, तेव्हा कढईबरोबर मी तिला एक कागद दिला: कानामागच्या चाचणीची चार वाक्ये, वर मराठीत, खाली कानडीत. कानडीतली चूक तिने तिथल्या तिथे सुधारली.