भरणदाब आणि हृदयाची आकुंचनक्षमता

आकुंचनापूर्वी हृदयाच्या निलयात, म्हणजे खालच्या कप्प्यात, रक्त भरताना जो दाब असतो, त्यास भरणदाब म्हणतात. निरोगी डाव्या निलयात तो साधारणतः १२ मिलिमीटर पाऱ्यापर्यंत असतो. तो वाढला की स्नायुतंतू ताणले जाऊन अधिक जोराने आकुंचन पावतात. हा नियम फ्रँक व स्टार्लिंग यांच्या नावे ओळखला जातो. त्यामुळे निलयातील दाबवाढीचा कमाल वेग हे आकुंचनक्षमतेचे माप केवळ भरणदाबानेही बदलते. स्नायूची मूळ शक्ती तीच असते. म्हणून अशी मापे भरणदाबासह वाचावी लागतात.

जालना जिल्ह्यातील देहेड येथे जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे महाड परिसरातील विंचूदंशावरील कार्य येथे उद्बोधक ठरते. लाल विंचवाच्या विषाने रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावरील भार वाढतो आणि ते रक्त पुढे ढकलण्यास अपुरे पडते. परिणामी भरणदाब चढून फुप्फुसांत पाणी साचते. बावस्कर यांनी वापरलेले प्राझोसिन रक्तवाहिन्या सैल करून हा भार उतरवते. त्यावरील त्यांचा लेख १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.