टोनी हिलरमन

अँथनी ग्रोव्ह हिलरमन ऊर्फ टोनी हिलरमन (२७ मे, १९२५ – २६ ऑक्टोबर, २००८) हे अमेरिकन पत्रकार, पत्रकारितेचे प्राध्यापक आणि रहस्यकथाकार होते. नैऋत्य अमेरिकेतील नावाहो या मूलनिवासी समाजाच्या पोलीस दलातील जो लीपहॉर्न आणि जिम ची या अधिकाऱ्यांवर त्यांनी लिहिलेल्या १८ कादंबऱ्या विशेष प्रसिद्ध आहेत.

जीवन

हिलरमन यांचा जन्म ओक्लाहोमा राज्यातील सेक्रेड हार्ट या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे प्रारंभीचे शिक्षण मूलनिवासी मुलींसाठी चालविलेल्या शाळेत झाले. शेजारपाजारी पोटावाटोमी समाजाची मुले असल्याने मूलनिवासी माणूस त्यांना कधी परका वाटला नाही. दुसऱ्या महायुद्धात लढताना भूसुरुंगाच्या स्फोटात ते गंभीर जखमी झाले. त्यांना सिल्व्हर स्टार हे शौर्यपदक मिळाले. १९४५ मध्ये सुट्टीवर असताना न्यू मेक्सिकोत मालट्रक घेऊन जाताना त्यांनी नावाहोंचा एक विधी पाहिला. युद्धावरून परतलेल्या तरुणांना युद्धाच्या संसर्गातून मुक्त करून पुन्हा समाजात घेण्यासाठी तो केला जात होता. स्वतः युद्धातून आलेल्या हिलरमन यांच्या मनावर त्याचा खोल ठसा उमटला.

१९४८ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाची पदवी घेतल्यावर ते वार्ताहर झाले. पुढे त्यांनी 'सांता फे न्यू मेक्सिकन' या दैनिकाचे संपादन केले. मग स्थिर नोकरी सोडून, पदरी मोठे कुटुंब असताना, ते पुन्हा विद्यार्थी झाले आणि १९६६ ते १९८७ या काळात न्यू मेक्सिको विद्यापीठात पत्रकारिता शिकवीत राहिले.

लेखन

पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित वाचून त्यांच्या एजंटने मूलनिवासींविषयीचा भाग काढून टाकण्याचा सल्ला दिला. हिलरमन यांनी तो मानला नाही. संपादिका जोन कान यांनी हस्तलिखित स्वीकारले आणि 'द ब्लेसिंग वे' १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. तो भाग काढला असता तर कादंबरीत काही उरलेच नसते, कारण हिलरमन यांच्या कथांत रहस्याची किल्ली बहुधा श्रद्धा, विधी आणि नातेसंबंध यांतच असते. लीपहॉर्न पावलांचे ठसे तर वाचतोच, पण कोणता माणूस कोणती गोष्ट कदापि करणार नाही, हेही त्याला ठाऊक असते. मितभाषी, वृत्तपत्री शिस्तीची भाषा आणि वाळवंटी निसर्गाचे अचूक वर्णन ही त्यांच्या लेखनाची अन्य वैशिष्ट्ये होत. ऑस्ट्रेलियातील रहस्यकथाकार आर्थर अपफील्ड यांचे ऋण ते मान्य करीत.

'डान्स हॉल ऑफ द डेड' (१९७३) या कादंबरीस एडगर पुरस्कार मिळाला. १९८० मध्ये जिम ची या तरुण पोलिसाचा प्रवेश झाला. पारंपरिक गायक-वैद्य होऊ पाहणारा ची आणि चेटकाचा तिटकारा असलेला, संशयी लीपहॉर्न 'स्किनवॉकर्स' (१९८६) मध्ये प्रथम एकत्र आले. या जोडीतील मतभेद हाच मालिकेचा खरा प्राण आहे.

प्रतिसाद

बाहेरच्या लेखकाने दुसऱ्या समाजाच्या पवित्र गोष्टींवर कथा रचाव्यात का, असा आक्षेप काही अभ्यासकांनी घेतला. दुसरीकडे नावाहो समाजाने १९८७ मध्ये त्यांना आपला 'विशेष मित्र' म्हणून गौरविले. हा मान आपल्याला सर्वाधिक मोलाचा वाटतो, असे हिलरमन सांगत. १९९१ मध्ये अमेरिकेतील रहस्यकथाकारांच्या संघटनेने त्यांना 'ग्रँड मास्टर' हा सन्मान दिला. 'सेल्डम डिसअपॉइंटेड' (२००१) हे त्यांचे आत्मचरित्र होय.

अल्बुकर्की येथे त्यांचे निधन झाले. २०१३ पासून त्यांची कन्या अ‍ॅन हिलरमन यांनी ही मालिका पुढे चालविली. तीत त्यांनी बर्नाडेट मॅन्युएलिटो या नावाहो स्त्री-पोलिसाला मध्यवर्ती स्थान दिले आहे. या कादंबऱ्यांवर आधारित 'डार्क विंड्स' ही दूरचित्रवाणी मालिका २०२२ मध्ये सुरू झाली.