लेजरिंग, हिवाळी

लेजरिंग, हिवाळी : गळाला लावलेले आमिष वजनाच्या साहाय्याने तळावर टेकवून मासे पकडण्याची ब्रिटनमधील पद्धत. सॅमन व ट्राउट वगळता गोड्या पाण्यातील इतर माशांना तेथे ‘कोर्स फिश’ म्हणतात. त्यांपैकी रोच, चब, ब्रीम व बार्बल हे रोहू-कटल्याच्याच सिप्रिनिडी कुळातील आहेत.

माशांचे वर्तन : पाणी गार झाले की माशांचे पचन मंदावते व भूक घटते. नदीतील मासे मुख्य धार सोडून संथ, खोलगट जागी गोळा होतात आणि आमिषासाठी फारसे हलत नाहीत. म्हणून या दिवसांत आमिष किती टाकले यापेक्षा ते कोठे टेकले याला महत्त्व असते. पाणी ४–५° से.पर्यंत उतरले तरी चब खातो. बार्बल त्याआधीच सुस्तावतो. तापमान कमी पण स्थिर असल्यास मासा लागतो. रात्रीत ते एकदम घसरले वा बर्फ वितळून नदीत आले, तर सहसा लागत नाही.

साधने : तंगूस वजनाच्या कडीतून मोकळी सरकते, त्यामुळे आमिष ओढणाऱ्या माशाला वजनाचा भार जाणवत नाही. नासपतीच्या आकाराचे ‘आर्लसी बॉम्ब’ हे वजन रिचर्ड वॉकर (१९१८–८५) यांनी आर्लसी येथील खोल तळ्यातील पर्च माशांसाठी तयार केले. वजनाऐवजी चारा भरलेली सच्छिद्र नळी, म्हणजे ‘फीडर’, लावतात. गारठ्यात माशीच्या अळ्या आळसावून नळीतच राहतात, म्हणून तिची छिद्रे मोठी करतात.

काठीचे बारीक, लवचिक टोक (क्विव्हर टिप) मासा लागल्याची खूण देते. ते एकदा-दोनदा थरथरून वाकते. मासा वजन उचलून काठीच्या दिशेने आला, तर ते उलट सैल पडून सरळ होते. कडाक्याच्या थंडीत काठीच्या कड्यांत बर्फ धरते. अशा वेळी टोक पाण्यात बुडवून ते काढतात.

आमिष : पावाचा मऊ गर, अळ्या, गांडूळ व चीजचा गोळा ही नेहमीची आमिषे. पावाचा गर गळाच्या दांडीपाशीच दाबतात. कडा मोकळ्या राहिल्याने तो पाण्यात फुलतो. चीज गार पाण्यात कडक होऊन गळ माशाच्या तोंडात रुतू देत नाही, म्हणून ते तेल घालून सैलसर मळतात. पुराने गढूळ झालेल्या पाण्यात वासाचे आमिष व गांडूळ, तर नितळ पाण्यात लहान गळ व बारीक तंगूस उपयोगी पडते. चारा मूठभरही पुरतो. जास्त टाकल्यास मासा त्यावरच तृप्त होतो.

नियम : इंग्लंडमधील नद्यांवर १५ मार्च ते १५ जून या काळात कोर्स फिश पकडण्यास बंदी असते, त्यामुळे हिवाळी हंगाम १४ मार्चला संपतो. हंसांना होणाऱ्या विषबाधेमुळे १९८७ पासून शिशाच्या बहुतेक लहान वजनांवर बंदी आली व इतर धातूंची वजने रूढ झाली. पकडलेला मासा बहुधा ओल्या हातांनी गळातून सोडवून पुन्हा पाण्यात सोडतात.