तेलगाळणी, डर्ट बाइकची

डर्ट बाइकच्या इंजिनात फिरणाऱ्या वंगण तेलातून धातूचा कीस, क्लचचा चुरा, काजळी आणि धूळ अडवणारा भाग. गॅरेजात आणि स्पेअर पार्टच्या दुकानात त्याला ‘ऑइल फिल्टर’ म्हणतात. ‘जाळी’ म्हटले की मेकॅनिकच्या डोळ्यांपुढे तारेची गाळणी येते, आणि ती वेगळी वस्तू आहे. गाळणी निवडताना पुष्कळशी गफलत या दोन शब्दांच्या सरमिसळीतून होते, म्हणून हा भेद सुरुवातीलाच लक्षात ठेवावा.

दादरा व नगर हवेलीत या विषयाला खास संदर्भ आहे. वंगण तेल मिसळून डब्यांत भरण्याचे देशातले एक मोठे केंद्र म्हणजे सिल्वासा. कॅस्ट्रॉल, गल्फ, अपार, सविता आणि इंडियन ऑइल यांचे कारखाने या परिसरात आहेत. तिथे मूळ तेलात रसायने मिसळून वेगवेगळ्या ग्रेडचे तेल बनते आणि डब्यांतून देशभर जाते. त्यामुळे कोणत्या गाडीला १०डब्ल्यू-३० आणि कोणत्या गाडीला २०डब्ल्यू-५० यावर इथे हमखास चर्चा रंगते. ते तेल ज्या कागदातून गाळले जाते त्याची चौकशी क्वचितच होते. वास्तविक चांगल्या तेलाचे आयुष्य गाळणीच ठरवते.

डर्ट बाइकला गाळणीची गरज चारचाकीपेक्षा जास्त असते. मोटारीत इंजिनाचे तेल वेगळे, गिअरबॉक्सचे वेगळे, आणि हाताने गिअर टाकायच्या बहुतेक मोटारींत क्लच कोरडा. मोटारसायकलीत बहुधा एकच तेल पिस्टन, गिअर आणि क्लच या तिघांना पुरते. हलक्या डर्ट बाइकमध्ये ते सारे मिळून एक लिटरच्या आसपास भरते. चिखलातून, चढावरून अर्धा क्लच दाबून गाडी काढली की क्लच प्लेटचा चुरा थेट याच तेलात उतरतो. गिअरच्या दात्यांचा कीस आणि पिस्टन रिंगांची झीजही तिथेच जमा होते. होंडाच्या जुन्या सीआरएफ २५० आर व ४५० आर या शर्यतीच्या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे तेल मुद्दाम वेगळे ठेवलेले होते, ते याच कारणाने.

टू-स्ट्रोक गाडीचा मामला निराळा. १९८५ ते १९९६ या काळात भारतात विकली गेलेली यामाहा आरएक्स १०० आणि तिच्यासारख्या गाड्या मातीच्या शर्यतींत वर्षानुवर्षे धावल्या. त्यांत इंजिनाचे तेल पेट्रोलबरोबर जळून जाते आणि गिअरबॉक्सच्या तेलाला कागदी गाळणी नसते. अशी गाडी घेऊन दुकानात ऑइल फिल्टर मागायला जाऊ नये. तिथे गिअर ऑइल वेळेवर बदलणे हाच उपाय.

मोटारीच्या तेलगाळणीचा इतिहास शंभर वर्षांचा आहे. अमेरिकेतील अर्नेस्ट स्वीटलँड यांनी १९२३ मध्ये ‘प्युरोलेटर’ या नावाच्या गाळणीच्या पेटंटसाठी अर्ज केला. सुरुवातीच्या गाळण्यांतून तेलाचा थोडाच भाग गाळला जाई. पंपातून निघालेले सगळे तेल आधी गाळणीतून आणि मग बेअरिंगांकडे, ही ‘फुल फ्लो’ रचना नंतर रूढ झाली. आजच्या बहुतेक फोर-स्ट्रोक डर्ट बाइकमध्ये हीच रचना असते: तळातले तेल पंप जाड जाळीतून ओढतो, कागदी गाळणीतून ढकलतो आणि मग ते क्रँक, कॅम व पिस्टनकडे जाते. जाळी मोठा कचरा अडवून पंपाला वाचवते, कागद बारीक कचरा अडवून बेअरिंगला वाचवतो. चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकच्या इंजिनात कागदी गाळणी व जाळी दोन्ही असतात. कागद बदलायचा, जाळी धुवायची.

दादरा व नगर हवेलीतल्या खानवेल, मांदोणी, दुधनी या डोंगरी भागात मातीच्या रस्त्यांवर सर्वाधिक राबणारी गाडी म्हणजे १०० सीसीची साधी रोजची मोटारसायकल. तिला कोणी डर्ट बाइक म्हणत नाही, पण पावसाळ्यात तिचे काम डर्ट बाइकचेच असते. हीरो होंडाची सीडी १०० १९८५ मध्ये आली आणि पुढे स्प्लेंडर तिच्याच इंजिनाच्या घराण्यात निघाली. या इंजिनात बदलण्याजोगी कागदी गाळणी नाही. क्रँकच्या टोकाला एक बंद वाटी फिरते. तेल तिच्यातून जाताना जड कण फेकले जाऊन वाटीच्या कडेला घट्ट काळा गाळ बसतो. ताक घुसळण्याच्या उलट हा प्रकार: तिथे हलके लोणी वर येते, इथे जड गाळ बाहेर जातो. सोबत तळाशी एक जाळी असते. ही वाटी आणि जाळी साफ करायला उजव्या बाजूचे क्लच कव्हर उघडावे लागते आणि नवे गॅस्केट घालावे लागते. खटाटोप असल्यामुळे हे काम टाळले जाते, नुसते तेल बदलून गाडी परत मिळते, आणि वाटी भरली की पुढचा सगळा गाळ तेलातच फिरत राहतो. अशा गाडीच्या मालकाने ‘फिल्टर बदला’ न म्हणता ‘कव्हर उघडून वाटी साफ करा’ असे स्पष्ट सांगावे. चिखलात चालणाऱ्या गाडीला हे काम पुस्तकातल्या अंतरापेक्षा लवकर करावे.

कागदी गाळणी निवडताना पहिला प्रश्न कंपनीचा नसून मापाचा आहे. लांबी, बाहेरचा व्यास आणि दोन्ही टोकांच्या भोकांचा व्यास जुन्या गाळणीशी जुळला पाहिजे. मिलिमीटरभर आखूड गाळणी इंजिनातल्या तिच्या घरात सैल बसते, तेल तिच्या कडेने न गाळताच निसटते आणि बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून सुट्या भागाचा क्रमांक माहितीपुस्तिकेतून घेऊन दुकानात जावे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना एकच गाळणी चालते असेही घडते. कावासाकी आणि सुझुकी यांनी २००१ मध्ये सहकार्य केले, त्यातून २००४ ची केएक्स २५० एफ आणि आरएम-झेड २५० ही जवळजवळ जुळी भावंडे निघाली आणि दोघींना एकाच मापाची गाळणी लागते. पण असा मेळ पुस्तकात किंवा गाळणीच्या कंपनीच्या यादीत सापडला तरच धरावा. ‘बसते की’ हा पुरावा नव्हे.

दुसरा प्रश्न बायपास व्हॉल्व्हचा. थंडीत तेल घट्ट असते, किंवा गाळणी तुंबते, तेव्हा कागदातून पुरेसे तेल जात नाही. अशा वेळी एक छोटा व्हॉल्व्ह उघडून न गाळलेले तेल इंजिनाला देतो, कारण घाणेरडे तेल तेलाच्या अभावापेक्षा केव्हाही बरे. हा व्हॉल्व्ह काही गाड्यांत इंजिनात असतो, तर काहींत गाळणीच्याच टोकाला. दिसायला तशीच पण व्हॉल्व्ह नसलेली गाळणी दुसऱ्या प्रकारच्या इंजिनात बसवली, तर ती तुंबल्यावर बेअरिंग कोरडी पडतात.

तिसरी बाब दिशेची, आणि ती चुकली तर इंजिनच जाऊ शकते. अनेक गाळण्यांचे एक टोक उघडे असते, दुसरे बंद. सुझुकी डीआर-झेड ४०० मध्ये उघडे टोक इंजिनाकडे असावे लागते. उलटे बसवले तर तेलाचा मार्गच बंद होतो. होंडाच्या गाळणीवर बाहेरची बाजू कोणती ते इंग्रजीत छापलेले असते. जुनी गाळणी काढताना ती कोणत्या बाजूने निघाली याचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवावा. तसेच जुनी ओ-रिंग घरात चिकटून राहिली नाही ना, स्प्रिंग जागेवर आहे ना, हे बोट फिरवून पाहावे. झाकणाचे एम६ बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटर टॉर्कने कसले म्हणजे पुरे. त्यापुढे जोर लावला तर अॅल्युमिनियमचे आटे निघतात आणि शे-दोनशे रुपयांच्या कामातून क्रँककेसचे काम उभे राहते.

बारीक गाळण म्हणजे चांगले गाळण, हा समज अर्धाच खरा. गाळणीची क्षमता मायक्रॉनच्या एका आकड्यात सांगितली जाते, पण तो आकडा किती टक्के कणांबद्दल आहे हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. आयएसओ ४५४८-१२ या मानकाच्या चाचणीत गाळणीच्या आधीचे आणि नंतरचे कण मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात. गुणोत्तर २ आले तर त्या आकाराचे निम्मे कण अडले, ७५ आले तर ९८.७ टक्के. ‘२० मायक्रॉन’ असे छापलेल्या दोन गाळण्यांत एवढा फरक असू शकतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो आणि बेअरिंगमधला तेलाचा थर अवघ्या काही मायक्रॉनचा. डोळ्यांना न दिसणारा कणही तिथे ओरखडा पाडतो.

धुवून पुन्हा वापरायच्या स्टीलच्या गाळण्याही मिळतात. त्यांचे छिद्र साधारण ३५ मायक्रॉनचे असते, तेल सहज वाहते आणि पाण्याने जाळी फुगत नाही. प्रत्येक शर्यतीनंतर इंजिन उघडणाऱ्या संघाला त्या सोयीच्या आहेत. शनिवार-रविवारी गाडी काढणाऱ्याला त्या देऊ नयेत. जाळीला गेलेली बारीक चीर सहज दिसत नाही, धुताना आतल्या बाजूला घाण गेली तर ती थेट बेअरिंगकडे जाते, आणि ‘धुतली की झाले’ या समाधानात तेल बदलायची तारीख पुढे सरकते. कागदी गाळणी स्वस्त असते आणि ती दर वेळी नवी घातली जाते, हाच तिचा मोठा गुण.

दर वेळी म्हणजे केव्हा? रस्त्यावरच्या गाडीचा हिशेब किलोमीटरचा असतो, शर्यतीच्या गाडीचा तासांचा. २८ जानेवारी २०२४ रोजी पुण्यात बालेवाडीच्या श्री शिव छत्रपती क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, तीत २५० आणि ४५० सीसी गटांच्या गाड्या धावल्या. अशा गाड्यांना मैलदर्शक नसतोच; तासांचा मीटर लावतात आणि मोजक्या तासांनी तेल व गाळणी बदलतात. २०१९ मध्ये आलेली हीरो एक्सपल्स २०० किंवा रॉयल एन्फील्ड हिमालयन यांच्यासारख्या दोन्हीकडे चालणाऱ्या गाड्यांना पुस्तकातले अंतर रस्त्यासाठी असते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढताना मीटर कमी पळतो आणि इंजिन जास्त फिरते, म्हणून मातीत चालवल्यास ते अंतर निम्मे धरावे. तेलाच्या डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ हा शिक्का ओल्या क्लचसाठी हवाच, पण तो शिक्का गाळणी बदलण्यातून सूट देत नाही.

दादरा व नगर हवेलीत पाऊस सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. साकरतोंड नदीला किंवा मधुबन जलाशयाला मिळणाऱ्या ओढ्यांतून गाडी काढताना इंजिनाच्या ब्रीदर नळीतून पाणी क्रँककेसमध्ये शिरते. तेल दुधाळ चहासारखे दिसू लागले तर गाडी चालवू नये. पाण्याने कागद फुगतो आणि बायपास उघडाच राहतो. तेल आणि गाळणी दोन्ही बदलून इंजिन थोडा वेळ धिम्या गतीने चालवावे आणि पुन्हा दोन्ही बदलावीत. एकदा बदलून भागत नाही, कारण क्लचच्या प्लेटांत आणि कोपऱ्यांत पाणी अडून राहते.

उन्हाळ्यात धूळ. रस्त्याच्या धुळीत क्वार्ट्झ असते. खनिजांच्या दहा अंकी काठिण्यश्रेणीत त्याचा क्रम सातवा. ही धूळ इंजिनात शिरते ती मुख्यतः एअर फिल्टरमधून. फोमचा एअर फिल्टर कोरडा ठेवून महागडी तेलगाळणी घालणे म्हणजे दार उघडे टाकून तिजोरीला कुलूप लावणे. आधी फोम धुवावा, त्याला फिल्टर ऑइल लावावे, मग तेलगाळणीचा विचार करावा.

काढलेली गाळणी लगेच फेकू नये. कातरीने कागद उलगडून उन्हात धरावा. काळी काजळी आणि क्लचचा तपकिरी चुरा नेहमीचाच. चमकणारे रुपेरी कण चुंबकाला चिकटले तर ते गिअर वा बेअरिंगचे, न चिकटले तर बहुधा पिस्टन किंवा क्रँककेसचे. ड्रेन बोल्टमधले चुंबक फक्त लोखंड पकडते, म्हणून ते गाळणीची जागा घेऊ शकत नाही. पितळी रंगाची झाक दिसली की बुश किंवा केज झिजली असे समजून इंजिन उघडावे. नवी गाळणी बसवल्यावर इंजिन धिम्या गतीवर ठेवावे, रेस करू नये, तेल वर पोहोचल्याची खात्री करावी; यामाहाच्या वायझेड-एफ गाड्यांत त्यासाठी हेडवर तपासणीचा बोल्टच दिलेला आहे. मग गाडी सरळ उभी करून तेलाची पातळी पुन्हा पाहावी.

बनावट माल बाजारात आहे. ओळखायची खूण खोक्यावर नसून गाळणीत असते: घड्या समान अंतरावर हव्यात, डिंक टोकापर्यंत सलग हवा, रबर बोटाने दाबल्यावर परत उठले पाहिजे, आणि उजेडात धरल्यावर शिवणीतून प्रकाश दिसता कामा नये.

वापरलेले तेल कायद्याने घातक कचरा आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी तेलाच्या उत्पादकांवरही आहे. जुनी गाळणी रात्रभर उपडी ठेवून निथळलेले तेल डब्यात साठवावे आणि ते गॅरेजमार्फत नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे पाठवावे. खानवेल किंवा सिल्वासाच्या नाल्यात सोडलेले तेल दमणगंगेत उतरते, आणि दमणगंगा दमणजवळ अरबी समुद्राला मिळते.